समोर गुरू चमकतोय आणि रिमोट म्हणतो ‘क्षितिजाखाली’: गोटू माउंटसाठी मदत हवी

विज्ञानाच्या_बाई
९ फेब्रुवारी, रात्री ११:२५

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका शाळेत मी विज्ञान शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला दुर्बीण दिली आहे. १२७ मिलिमीटरची मॅक्सुटोव्ह (आत आरसा आणि पुढे जाड काच असलेली आखूड दुर्बीण), फोकल लेंग्थ १५०० मिलिमीटर, खाली एका हाताचा गोटू माउंट, म्हणजे निवडलेल्या वस्तूकडे नळी स्वतः वळवणारी मोटरची बैठक, आणि त्याला वायरने जोडलेला बटणांचा रिमोट. शनिवारी, २१ तारखेला नववीच्या चाळीस मुलांना पन्हाळ्यावर आकाश दाखवायचं ठरलं आहे. पालकांच्या सह्या घेऊन झाल्या, गाडी ठरली. आणि आज माझा धीर सुटला आहे.

२ तारखेला राजारामपुरीत घरच्या गच्चीवर पहिल्यांदा लावली होती. पौर्णिमेचा दुसरा दिवस. रिमोटवर चंद्र निवडला आणि नळी आपली आपण वळून चंद्रावर जाऊन थांबली. गुरूही असाच मिळाला. मिस्टरांनी खालून शेजाऱ्यांना बोलावून आणलं, इतका आनंद झाला होता.

आज शाळेच्या मैदानावर लावली. दोन मुली मदतीला होत्या. त्याच पद्धतीने ठिकाण भरलं, तारीख भरली, वेळ रात्री ८ भरली. दोन ताऱ्यांचं अलाइनमेंट (तारे मध्यभागी आणून माउंटला आकाशाशी जुळवणं) घेतलं तर यादीत पहिली नावं आली व्हेगा आणि अल्टेअर. व्हेगा निवडल्यावर नळी वळली आणि जिमखान्याच्या भिंतीकडे तोंड करून थांबली. बंद करून पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मग अलाइनमेंट सोडून थेट गुरू निवडला. गुरू आमच्या डोळ्यांसमोर उंच चमकत होता आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की तो क्षितिजाखाली आहे.

मुली गप्प उभ्या राहिल्या. माउंट बिघडला असेल का? दुरुस्तीला पाठवायचा तर बारा दिवसांत परत येणार नाही.

पन्हाळा_रोड
९ फेब्रुवारी, रात्री ११:५२

बाई, आधी सेल बघा. आत आठ पेन्सिल सेल घातले असतील. चार्जिंगचे असतील तर एकेक १.२ व्होल्टचा, म्हणजे आठांचे ९.६ व्होल्ट होतात, आणि माउंटला हवेत १२. व्होल्टेज पडलं की रिमोट मधेच स्वतःहून बंद-चालू होतो, मोटर चुकीच्या जागी थांबते. माझ्या पहिल्या वर्षातली निम्मी भांडणं सेलशीच होती.

विज्ञानाच्या_बाई
१० फेब्रुवारी, सकाळी ६:४०

सेल नवेच आहेत, साधे, चार्जिंगचे नव्हेत. रिमोट मधे बंद पडला नाही. नळी अगदी सुरळीत फिरत होती, फक्त भलतीकडे.

ध्रुवमत्स्य
१० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

बाई, माउंट बहुतेक ठणठणीत आहे. दोनच गोष्टी विचारतो. एक, रिमोट कोणत्या प्रकारचा, सिनस्कॅनचा की नेक्सस्टारचा? दोन, काल तारखेच्या ओळीत तुम्ही कोणते आकडे कोणत्या क्रमाने दाबलेत, आणि २ तारखेला कोणते? आठवून नको, हात जसा चालला तसं लिहा.

विज्ञानाच्या_बाई
१० फेब्रुवारी, सकाळी ७:३१

सिनस्कॅन. काल ०९/०२/२०२६. त्या दिवशी ०२/०२/२०२६.

ध्रुवमत्स्य
१० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

सापडलं. या रिमोटमध्ये आधी महिना आणि मग तारीख भरायची असते. पडद्यावर तारखेच्या ओळीत एमएम आधी येतं, डीडी नंतर. तुमचे आकडे त्याने ‘२ सप्टेंबर’ असे वाचले. २ फेब्रुवारीला दोन्ही आकडे सारखे, म्हणून क्रम चुकूनही तारीख बरोबर गेली. १३ तारखेनंतर हीच चूक झाली असती तर तेरावा महिना नाही म्हणून रिमोटने आकडा घेतलाच नसता आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. १ ते १२ या तारखा फसव्या.

पुरावा तुमच्याच पोस्टमध्ये आहे. व्हेगा म्हणजे आपला अभिजित, अल्टेअर म्हणजे श्रवण. फेब्रुवारीत रात्री आठला हे दोघे क्षितिजाखाली असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मात्र आठला दोघेही छान वर असतात. रिमोटला वाटलं सप्टेंबर आहे, म्हणून त्याने तेव्हाचे तारे पुढे केले. २ सप्टेंबरच्या रात्री आठला गुरूही मावळलेला असणार. म्हणजे त्याने गणित चोख केलं, फक्त तारीख भलतीच होती.

हा फरक किती होतो तेही सांगतो, मुलांना वर्गात करून दाखवता येईल. तारे रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतात, म्हणजे आकाश रोज जवळजवळ १ अंश पुढे सरकतं. ९ फेब्रुवारी ते २ सप्टेंबर हे २०५ दिवस. म्हणजे तुमच्या माउंटच्या डोक्यातलं आकाश खऱ्या आकाशापेक्षा दोनशे अंशांनी फिरलेलं होतं, अर्ध्या चकरेहूनही जास्त.

माउंटला डोळे नाहीत हे मुलांना आधी सांगा. चालू करतो त्या क्षणी तो समजतो की नळी आडवी आहे आणि तोंड उत्तरेला आहे. तिथून पुढे मोटर किती फिरली एवढंच तो मोजतो. ठिकाण, तारीख, वेळ यावरून आकाशाचा गोल मनात उभा करतो आणि तुम्ही मध्यभागी आणून दिलेल्या दोन ताऱ्यांवर तो गोल बसवतो. दोन तारे खरे असतील तर बाकीचं सगळं त्याचं त्याला जमतं. म्हणून ते दोन तारे माणसाला स्वतःला ओळखता आलेच पाहिजेत. यादीत आलं म्हणून निवडलं, असं कधीही करू नका.

आज रात्री ०२/१० टाकून बघा आणि कळवा.

आकाशवेडी_सांगली
१० फेब्रुवारी, दुपारी १:१०

वाचताना अंगावर काटा आला! मी मागे एकदा ७ मार्चला अशीच अडले होते आणि वैतागून दुर्बीण कपाटात ठेवली ती ठेवलीच. ०७/०३. आज काढते.

इचल_रात्र
१० फेब्रुवारी, दुपारी २:३०

ध्रुवमत्स्यकाका, एक शंका. माझा रिमोट जुना आहे, त्यात टाइम झोन पूर्ण तासांचेच आहेत, साडेपाच टाकताच येत नाही. मी ५ टाकतो आणि मला तारे मिळतात. म्हणजे वेळ चुकली तरी चालते ना?

ध्रुवमत्स्य
१० फेब्रुवारी, दुपारी ३:१५

तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. दोन ताऱ्यांवर अलाइनमेंट केलं की वेळेतली चूक त्यातच जिरते, कारण वेळ चुकणं म्हणजे आकाशाचा गोल ध्रुवाभोवती थोडा फिरणं, आणि तुम्ही तारे मध्यभागी आणता तेव्हा तो गोल परत जागेवर येतो. अडचण पहिल्याच ताऱ्याला येते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे अर्ध्या तासाची चूक साडेसात अंशांची. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश असते, तिच्या पाऊण भागाएवढं नळीचं तोंड हुकणार. व्याधासारखा एकटा झगझगीत तारा असेल तर बटणांनी ओढून आणाल. पण पुनर्वसूचे दोन तारे एकमेकांपासून साडेचार अंशांवर आहेत. तिथे कॅस्टरच्या जागी पोलक्स पकडला की पुढची सगळी रात्र वाया.

साडेपाच टाकता येत नसेल तर झोन शून्य ठेवा आणि घड्याळाची वेळ ग्रिनिचची भरा. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. रात्री ८ ला १४:३०. पहाटे साडेपाचच्या आत बसलात तर तारीख आदल्या दिवसाची टाकायची, हे विसरू नका.

आणि एक. कोल्हापूर ७४ अंश १४ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटं मागे चालतो. काही हुशार मंडळी ही ३३ मिनिटं स्वतः वजा करून वेळ भरतात. तसं करू नका. रेखांश दिला की रिमोट ते स्वतः करतो, तुम्ही केलंत की दोनदा होतं.

विज्ञानाच्या_बाई
१० फेब्रुवारी, रात्री ९:४८

०२/१०/२०२६ टाकलं. यादीत कॅपेला, सिरियस, रायजेल, बीटलज्यूज आले. सगळे समोर दिसत होते. सिरियस निवडल्यावर नळी त्याच्या, म्हणजे व्याधाच्या, इतकी जवळ जाऊन थांबली की फाइंडरमध्ये (नळीवरच्या नेम धरायच्या शोधकात) तो एका कडेला होताच.

काका, काय लिहू. काल रात्रभर झोप नव्हती.

एक कबुली देते. मोबाइलवर रेखांश ७४.२४ दिसत होता तो मी ७४ अंश २४ मिनिटं असा भरला होता. अक्षांश १६.७० होता, तो १६ अंश ७० मिनिटं असा जाईना तेव्हा लक्षात आलं की दशांशाची मिनिटं करायला हवीत. ०.७० गुणिले ६०, म्हणजे ४२. रेखांशही आज दुरुस्त केला.

पण एक अडचण राहिलीच. अलाइनमेंट यशस्वी असं पडद्यावर आलं, तरी मृगातला तेजोमेघ मागितला की तो आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) कडेला येतो, कधी अर्धा बाहेर. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये. चाळीस मुलांना ‘कडेला बघा’ असं कसं सांगू?

ध्रुवमत्स्य
१० फेब्रुवारी, रात्री १०:२०

रेखांशाची ती चूक कोनात १० मिनिटांचीच होती, वेळेत ४० सेकंद. तिचा काही दोष नव्हता.

तुमच्या दुर्बिणीला २५ चा आयपीस म्हणजे ६० पट. त्यात जेमतेम पाऊण-एक अंश आकाश दिसतं, दोन चंद्र शेजारी ठेवले तर मावतील न मावतील. तारा ‘साधारण मध्यभागी’ ठेवून पुढे गेलात तर तेवढी चूक प्रत्येक वस्तूला सोबत येते. १० चा आयपीस लावून मध्य साधा. शेवटी बटण कोणतं दाबलंत तेही सांगा.

विज्ञानाच्या_बाई
१० फेब्रुवारी, रात्री १०:२६

जे लागेल ते. डावं, उजवं, वर, खाली.

उद्यमनगर_टर्नर
१० फेब्रुवारी, रात्री ११:१०

बाई, इथं मी बोलतो, हे माझ्या कामातलं हाय.

तीस वर्षं लेथवर उभा आहे. लेथच्या क्रॉस स्लाइडचं (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल एका दिशेनं फिरवत नेलं की स्लाइड पुढं सरकते. आता तेच हँडल उलटं फिरवा. डायलवरचे आकडे सरकतात, पण स्लाइड जागची हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्यामधला मोकळेपणा आधी भरून निघतो, मग ती ओढली जाते. याला बॅकलॅश म्हणतात, आमच्याकडं पोरं नुसतं ‘लॅश’ म्हणतात. म्हणून माप पुढं गेलं तर कुठलाच चांगला टर्नर तिथल्या तिथं मागं येऊन थांबत नाही. अर्धा-एक फेरा जास्त मागं घेतो आणि परत पुढूनच मापावर येतो. दात कायम एकाच बाजूनं टेकलेला पाहिजे.

तुमच्या माउंटमध्ये मोटरच्या पुढं वर्म (स्क्रूसारखा दांडा) आणि वर्म व्हील (त्याला लागून फिरणारं दातांचं चाक) आहे. तिथं तेच हाय. डावीकडनं तारा मध्यात आणला तर दात एका बाजूला टेकतो, उजवीकडनं आणला तर दुसऱ्या. रिमोटला वाटतं दोन्ही एकच जागा, पण मधे लॅशएवढा फरक पडतो. म्हणून शेवटचं बटण नेहमी ‘वर’ आणि ‘उजवं’ यांचंच पाहिजे. तारा पुढं निघून गेला तर उलटं थोडं जास्त मागं घ्या आणि परत वर-उजवीकडूनच मध्यावर आणा. माउंट स्वतः वस्तूकडं जातानाही शेवटचं येणं एकाच दिशेनं करतो, त्याच्याशी तुमची दिशा जुळली पाहिजे.

दिवसा बघा की करून. मी गच्चीवरनं लांबच्या पाण्याच्या टाकीवरचा लाइटनिंग रॉड धरला. वेग ३ ठेवला, उजवं बटण दाबून रॉड मध्यात आणला. मग डावं दाबलं. मोटर कुरकुरते, आवाज येतो, पण रॉड जागचा हलत नाही. एक... दोन... आणि मग झटका बसून सरकायला लागतो. ते दोन सेकंद म्हणजे तुमचा कडेला जाणारा तेजोमेघ. पोरांनाही हे दाखवा. कोल्हापूरची पोरं हायत, निम्म्यांच्या घरी कुणीतरी फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये असणारच, त्यांना लगेच कळेल.

रिमोटच्या सेटअपमध्ये बॅकलॅशचा आकडा भरायची सोय असते. तिकडं लगेच जाऊ नका. आधी हाताला सवय लावा.

अजून एक. तारा बारीक ठिपका ठेवून मध्य कळत नाही. फोकस मुद्दाम बिघडवा. तारा फुगून गोल चकती होते, मॅक्सुटोव्हमध्ये मधे काळं भोक पडतं, मेदूवड्यासारखं. ती चकती गोलाच्या मधोमध ठेवणं लई सोपं. चारी बाजूंना सारखी काळी जागा राहिली की दाबा एंटर. मग फोकस परत आणा.

पन्हाळा_रोड
११ फेब्रुवारी, सकाळी ९:००

टर्नरदादा, मेदूवडा! आता आयुष्यात विसरणार नाही. पाच वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

विज्ञानाच्या_बाई
११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

दादा, तुमचे पाय धरावेत असं झालं आहे. वर आणि उजवं. १० च्या आयपीसमध्ये ब्रह्महृदयाचा (कॅपेलाचा) मेदूवडा मधोमध, मग व्याधाचा. त्यानंतर तेजोमेघ, कृत्तिका, गुरू, तिन्ही २५ मध्ये जवळजवळ मधोमध आले. तेजोमेघातल्या चार ताऱ्यांचा चौकोन मी आज पहिल्यांदा वेगवेगळा पाहिला.

इचल_रात्र
११ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मी काल उलटाच अनुभव घेतला. आठच्या सुमाराला रोहिणी अगदी डोक्यावर होती, तेजस्वी आहे म्हणून पहिला तारा तीच घेतली. नळी सरळ वर गेली. मध्यभागी आणायला डावं-उजवं दाबलं तर माउंट गरगर फिरतोय आणि तारा नुसता गोल वळतोय, मध्यात येतच नाही.

ध्रुवमत्स्य
११ फेब्रुवारी, रात्री १०:४०

हे आपल्या भागाचं खास वैशिष्ट्य आहे. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटं उत्तर अक्षांशावर, आणि रोहिणीची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) साडेसोळा अंशांच्या जरा वर. म्हणजे रोहिणी आपल्याकडे रोज खमध्याजवळून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूजवळून जाते, अर्ध्या अंशाच्याही आत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती वेळ रात्री आठच्या आसपास येते. पाठीवर झोपून बघा, नाकाच्या रेषेत रोहिणी.

पाहायला सुंदर, पण या प्रकारच्या माउंटला ती जागा वाईट. नळी सरळ वर असताना दिशेची मोटर फिरली तर नळी स्वतःभोवती फिरते, ताऱ्याकडे सरकत नाही. खमध्याच्या अगदी जवळचा तारा धरून ठेवायला या मोटरला काही मिनिटांत अर्धी चक्कर मारावी लागते. साठ अंशांच्या वरचा तारा अलाइनमेंटला शक्यतो घेऊ नका, फार खालचाही नको, तिथे हवेने तारा वर उचललेला दिसतो आणि सध्या गळिताचा हंगाम असल्याने क्षितिजावर धूरही आहे. दोन ताऱ्यांच्या दिशांमध्ये निदान ४५ अंशांचं अंतर असू द्या. या दिवसांत संध्याकाळी आठ-नऊला ब्रह्महृदय उत्तरेला आणि व्याध आग्नेयेला, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

बाई, तुमच्यासाठी महत्त्वाचं: सध्या गुरू मिथुनेत आहे. २१ तारखेला रात्री साडेनऊच्या सुमाराला तो खमध्यापासून ६ अंशांवर येईल. आधी चंद्र दाखवा, चार दिवसांची कोर पश्चिमेला असेल आणि दहाच्या आसपास मावळेल. त्यानंतर लगेच गुरू, नऊच्या आत संपवा. नंतर मृगाकडे वळा.

आकाशवेडी_सांगली
१२ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

रिमोटवर सगळी नावं परदेशी आहेत, मुलांना आजीने सांगितलेली नावं ठाऊक असतात. कुणीतरी जोड्या लिहाल का?

ध्रुवमत्स्य
१२ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

लिहितो. कॅपेला ब्रह्महृदय, सिरियस व्याध, प्रोसिऑन प्रश्वा, आल्डेबरन रोहिणी, बीटलज्यूज काक्षी, रायजेल राजन्य, कॅस्टर आणि पोलक्स पुनर्वसू, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्ट्युरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण, डेनेब हंस, फोमलहॉट मीनास्य, कॅनोपस अगस्ती, पोलॅरिस ध्रुव.

अगस्ती मुलांना जरूर दाखवा. आपल्याकडून तो दक्षिणेला सर्वांत उंच असताना जेमतेम २० अंशांवर असतो, दोन मुठी. २१ तारखेला पावणेनऊच्या आसपास तो त्या जागी असेल. दिल्लीच्या मुलांना तो क्षितिजाला घासून जाताना दिसतो.

मंगळवार_पेठ
१२ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

मला दुर्बिणीतलं कळत नाही, पण तारखेवरून एक आठवलं. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. म्हणजे दोन वेगवेगळ्या तारखांना सूर्य त्याच जागी मावळतो. मग आकाशाला तारीख चुकलेली चालते की!

ध्रुवमत्स्य
१२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

फार छान आठवण काढलीत. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या दोन्ही दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो. एकदा दक्षिणेकडे जाताना, एकदा परत येताना, मधे २२ डिसेंबरच्या सुमाराचं दक्षिणायनाचं टोक. दोन्हीकडून साधारण चाळीस-बेचाळीस दिवस. सूर्य क्षितिजावर कुठे मावळणार हे या एकाच कोनावर ठरतं, म्हणून किरणं दोन्ही वेळा गाभाऱ्यात पोहोचतात.

पण सूर्य मावळल्यावर मागे जे आकाश उघडतं ते दोन्ही वेळा वेगळं. नोव्हेंबरात त्या वेळी अभिजित आणि श्रवण पश्चिमेला असतात, फेब्रुवारीत मृग पूर्वेकडे वर आलेला. रिमोटला हा दुसरा हिशेब लागतो. बाई, हे उदाहरण मुलांना द्या. मंदिर त्यांच्या रोजच्या पायाखालचं आहे.

पन्हाळा_रोड
१४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

गडावरची तयारी सांगतो, थोडक्यात. तिपाईला पाणसळ लावून सपाट करा, गवंडी वापरतात ती चालते. पाय रुतणार नाहीत अशी जमीन बघा. पन्हाळ्यावरून कोल्हापूरचा उजेड आग्नेयेला दिसतो, त्या बाजूला पाठ करून मुलांना उभं करा. विजेऱ्यांना लाल पतंगी कागद दुहेरी बांधा. तिपाईभोवती पांढरी दोरी टाका, अंधारात मुलं पायाला अडकतातच. रात्री दव पडतं आणि मॅक्सुटोव्हची पुढची काच आधी ओली होते, म्हणून काळ्या जाड कार्डशीटची नळी करून पुढे चढवा. काच पुसायची नाही.

सेलवर चाळीस मुलं निभणार नाहीत. १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी घ्या, ७ अँपिअर-तासांची पुरे. पिनचं टोक पॉझिटिव्ह आहे ना, मीटरने बघून मगच लावा. उलटं लागलं तर रिमोट कायमचा गेला.

उद्यमनगर_टर्नर
१४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

बॅटरी विकत घेऊ नका. माझ्याकडं पेटीत बसवलेली आहे, फ्यूजसकट, पिन तपासलेली. शुक्रवारी शाळेत पोचती करतो.

विज्ञानाच्या_बाई
२२ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

काल रात्री साडेअकराला सगळी मुलं घरी पोहोचली. आता सविस्तर लिहिते.

सूर्यास्ताआधी पोहोचलो. तिपाई, पाणसळ, उत्तर. ध्रुव दिसायला लागल्यावर एका मुलाने हात लांब करून दीड मूठ मोजली आणि म्हणाला, ‘बाई, हा आपला अक्षांश.’ सोळा-सतरा अंश. पुस्तकात शिकवलेलं त्याने हाताने मोजलं.

तारीख ९ तारखेच्या त्या दोन मुलींनीच भरली. एकीने मोठ्याने वाचलं, ‘आधी महिना, शून्य दोन,’ दुसरीने दाबलं. पहिला तारा ब्रह्महृदय, दुसरा व्याध. मुलांना आधी आकाशात बोटाने दाखवायला लावले, मगच बटण. मेदूवडा मध्यात आणायला नंबर लागले.

चंद्राची कोर, तिच्या काठावर उन्हात आलेली खड्ड्यांची टोकं. मग गुरू, चार चंद्रांपैकी तीन एका बाजूला. सगळ्यांची पाळी संपायला नऊ वाजून दहा मिनिटं झाली आणि नळी इतकी वर गेली होती की शेवटच्या मुलांना गुडघ्यावर बसून बघावं लागलं. तुम्ही वेळ सांगितली नसती तर साडेनऊला तिथेच अडकलो असतो. रांगेतल्या मुलांना मधल्या वेळात अगस्ती दाखवला.

एक प्रसंग घडला. दोरी असूनही एकाचा पाय तिपाईला लागला. सगळी हुकली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार असं वाटलं, पण काकांनी फोनवर सांगितलं होतं तसं केलं. राजन्यावर जायला सांगितलं, तो थोडा बाहेर होता, बटणांनी मध्यात आणला आणि ईएससी बटण दोन सेकंद दाबून धरलं. त्या भागापुरतं सुधारलं. लगेच तेजोमेघ मागितला तर तो आत आला. मृगाच्या बाहेर मात्र जमेना, तेव्हा चहा होईपर्यंत पूर्ण अलाइनमेंट पुन्हा केलं.

तेजोमेघ पाहून एक मुलगी आयपीसपासून हटेना. तिला विचारलं काय दिसतं, तर म्हणाली, ‘पाखराचे पंख पसरलेत आणि मधे चार हिरे.’ मी तिला पुन्हा रांगेत उभं राहायला सांगितलं, तशी ती तीनदा उभी राहिली.

टर्नरदादा, बॅटरी रात्रभर पुरून वर शिल्लक आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर पेटी घेऊन उद्यमनगरात येते. सोबत चार मुलं येणार म्हणतात, त्यांना लेथची क्रॉस स्लाइड उलटी फिरवून बघायची आहे. कारखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?

उद्यमनगर_टर्नर
२२ फेब्रुवारी, दुपारी १:०५

साडेसातपर्यंत. पोरांना पायात बूट घालून आणा, खाली बर, म्हणजे लोखंडाचा कीस असतो.